सहा रात्री, सहा सकाळी: दिवाळीच्या सुट्टीतलं नेपाळ

आलेला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं पाच जणांचं कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत सहा रात्रींसाठी नेपाळला निघालं आहे. सासरे ७१ वर्षांचे, सासूबाई ६६ च्या आणि त्यांचे गुडघे दुखतात. ताई, त्यांचे यजमान आणि तेरा वर्षांची मुलगी. हातात आलेला कार्यक्रम: काठमांडू दोन रात्री, चितवन एक, पोखरा दोन, नगरकोट एक, आणि सगळा प्रवास गाडीने. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात. कार्यक्रम बरा आहे का? हिमशिखरं दिसतीलच ना? सासूबाईंना झेपेल का?

ताई, मी अठरा वर्षं पुण्याहून लहान गट घेऊन नेपाळला जातो आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. शिखरं "दिसतीलच" असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून आणखी काही विकत घेऊ नका. पण दिसण्याची शक्यता वाढवता येते, आणि ती आपल्याच हातात असते. माझा हिशेब सोपा आहे: सहलीचे दिवस मोजायचे नाहीत, सकाळी मोजायच्या. सहा रात्री म्हणजे सहा सकाळी. कुठली सकाळ कुठे खर्च करायची एवढं एकदा ठरलं की दुपारी आपोआप लागतात.

याचं कारण हवेत आहे. पहाटे दऱ्या थंड असतात, हवा खाली बसलेली असते आणि वरची शिखरं स्वच्छ दिसतात. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, खालची दमट हवा वर सरकते आणि शिखरांच्या गळ्याशी ढग जमू लागतात. नऊ-दहानंतर कित्येकदा नुसता पांढरा पडदा उरतो. संध्याकाळी कधी कधी तो पुन्हा बाजूला होतो, पण त्यावर भरवसा ठेवू नये. तुमची वेळ मात्र उत्तम आहे. पावसाळ्याने हवा धुऊन काढलेली असते आणि हिवाळ्यातलं दाट धुकं अजून आलेलं नसतं. एप्रिलमध्ये वणव्यांचा धूर आणि धुरळा यामुळे पोखऱ्यात बसूनही समोरचं काही दिसत नाही, असे दिवस मी काढलेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो, आणि हे नेपाळचं घड्याळ आहे, आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, सासऱ्यांचं मनगटी घड्याळ बदलत नाही. पहाटे साडेपाचला गाडी सांगितली की हमखास एक जण पाव तास उशिरा येतो, तो का, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

आता तुमचा कार्यक्रम या हिशेबात घालून बघा. चितवनची एक रात्र म्हणजे काठमांडूहून पाच-सहा तास गाडी, दुसऱ्या दिवशी जंगलात घाईघाईची एक फेरी, आणि लगेच पुन्हा पाच तास गाडी पोखऱ्याला. चितवन वाईट नाही; एकशिंगी गेंडा तिथे खरंच दिसतो. पण तो तराईचा सपाट मुलूख आहे, तिथली सकाळ हिमालयाच्या कामाची नाही, आणि एका रात्रीत जंगलही धड होत नाही. ते काढून टाका. परतीला पोखरा ते काठमांडू सुमारे दोनशे किलोमीटर आहे. नकाशावर नाशिक ते मुंबईहून थोडंच जास्त वाटतं, पण पृथ्वी राजमार्गावर सात-आठ तास धरून चालावं लागतं, रस्त्याचं काम किंवा दरड मध्ये आली तर दहा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला त्रिशूली नदी, आणि समोर मालवाहू ट्रकांची रांग. दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्यांपेक्षा हे बसून राहणं जास्त भोवतं.

म्हणून काठमांडू-पोखरा विमानाने जा आणि विमानानेच या, असं मी सुचवतो. उड्डाण जेमतेम पंचवीस मिनिटांचं. जाताना उजवीकडची खिडकी मागा, येताना डावीकडची. त्या बाजूला आख्खी रांग सोबत चालते. पण एक गोष्ट लपवून ठेवणं मला जमत नाही: नेपाळच्या विमान कंपन्यांचा सुरक्षेचा इतिहास चांगला नाही. २०१३ मध्ये युरोपीय संघाने त्यांना आपल्या आकाशात बंदी घातली, आणि जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याच्या अपघातात विमानातले सगळे ७२ जण गेले. रस्ताही निर्धोक नाही. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या, आणि तो नारायणघाट ते मुग्लिनचा पट्टा म्हणजे तुमच्या कार्यक्रमातला चितवन-पोखरा रस्ताच. मी स्वतः कोरड्या हवेत, सकाळी उशिराच्या किंवा दुपारच्या विमानाने जातो, आणि पावसाळ्यात गट नेतच नाही. निर्णय घरात सगळ्यांनी मिळून घ्या. गाडीनेच जायचं ठरलं तर वाटेत डुम्रेहून आठ किलोमीटर वर बंदीपूरला एक रात्र थांबा. नेवारांचं, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांचं, जुनं बाजारगाव, मुख्य गल्लीत वाहनांना बंदी, आणि सकाळी ओट्यावर बसून हिमशिखरं. चितवनची वाचलेली रात्र तिथे लावलीत तर पैसे वसूल.

आता माझी मांडणी. पहिल्या दोन रात्री भक्तपूर, तिसरी नगरकोट, चौथी-पाचवी पोखरा, सहावी पाटण.

काठमांडूत उतरून थमेलला न जाता थेट भक्तपूरला का? एक तर विमानतळ भक्तपूरच्याच बाजूला आहे. गर्दी नसेल तर अर्ध्या तासात पोचता. थमेल म्हणजे ट्रेकिंगची दुकानं, बार आणि भोंगे. पण खरं कारण वेगळं आहे. माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही सगळ्यांसारखाच एका दिवसात तिन्ही दरबार चौक, म्हणजे जुन्या राजवाड्यांसमोरचे चौक, दाखवायचो: सकाळी काठमांडू, दुपारी पाटण, संध्याकाळी भक्तपूर. एकदा पाटणच्या चौकात उभं राहून मी रंगात येऊन सांगत होतो आणि गटातल्या एका आजींनी अगदी निरागसपणे विचारलं, "हे आपण सकाळी पाहिलं ना?" चूक त्यांची नव्हती. एका दिवसात पंधरा उतरत्या छपरांची देवळं पाहिली तर कोणालाही ती एकच वाटतील. तेव्हापासून मी एका गावात मुक्काम करतो आणि बाकीची दोन तोंडओळखीवर सोडतो.

ही तीन गावं अशी शेजारी शेजारी का, हे कळलं की पाहण्यात गंमत येते. १४८२ मध्ये यक्ष मल्ल राजा गेला आणि खोऱ्याचं राज्य त्याच्या वारसांत वाटलं गेलं. पुढची पावणेतीनशे वर्षं काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन भावकीची राज्यं, एकमेकांपासून काही तासांच्या चालीवर. लढाया झाल्याच, पण खरी चढाओढ देवळांची होती. शेजाऱ्याने राजवाड्यासमोर खांबावर स्वतःचा पुतळा बसवला की आपणही बसवायचा. या भाऊबंदकीचा फायदा तुम्हाला-आम्हाला झाला, आणि अखेर गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहला: १७६८ मध्ये काठमांडू आणि पाटण, १७६९ मध्ये भक्तपूर त्याच्या हाती गेलं. १९७९ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा तिन्ही चौक आणि स्वयंभू, बौद्धनाथ, पशुपती, चांगुनारायण अशी सात ठिकाणं त्यात धरली.

भक्तपूरची पहिली सकाळ कुठल्याही वाहनाशिवाय घालवा. सहाला बाहेर पडा. स्थानिक लोक गावाला ख्वप म्हणतात. त्या वेळी तिथे पर्यटक नसतात. हातात पूजेचं ताट घेऊन गणपती-भैरवाच्या फेऱ्या करणाऱ्या बायका असतात, पाटीवर, म्हणजे रस्त्याकडेच्या उघड्या धर्मशाळेवर, टाळ-ढोलकीवर भजन म्हणणारे म्हातारे असतात, आणि जमिनीच्या पातळीखालच्या हिटीवर, दगडी मकरमुखाच्या धारेखाली, पाणी भरणारी मंडळी असतात. सासऱ्यांना भजनाची आवड असेल तर त्यांना तिथेच बसू द्या, कोणी उठवणार नाही.

मग न्यातपोल. १७०२ मध्ये भूपतींद्र मल्लाने बांधलेलं पाच छपरांचं देऊळ, सिद्धिलक्ष्मीचं. आत पुजाऱ्यांशिवाय कोणी जात नाही, म्हणून दर्शनाची हुरहुर नको. पाच जोत्यांवर पाच जोड्या राखणदार: खाली जयमल्ल आणि पत्ता हे पहिलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, सगळ्यात वर व्याघ्रिणी आणि सिंहिणी देवता. पहिलवान साध्या माणसाच्या दहापट बळाचे आणि पुढची प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या दहापट, असं सांगतात. मुलीला गणित करायला लावा. सासूबाईंनी चढायची गरज नाही. खालून, समोरच्या भैरवनाथाच्या ओट्यावरूनच ते अधिक चांगलं दिसतं. १९३४ चा आणि २५ एप्रिल २०१५ चा, असे दोन्ही मोठे भूकंप या देवळाने सोसले. २०१५ मध्ये शेजारच्या दरबार चौकातलं दगडी वत्सला मंदिर मात्र साफ कोसळलं होतं. आता ते पुन्हा उभं आहे. मी त्या वर्षी दिवाळीत गेलो तेव्हा चौकाच्या एका कडेला विटा, दुसऱ्या कडेला नंबर टाकलेल्या लाकडी तुळया रचलेल्या होत्या. आता जे नवं दिसतं ते बरंचसं त्याच जुन्या तुकड्यांतून जोडलेलं आहे. लाकडाचा रंग नीट पाहिला तर जुनं-नवं ओळखता येतं.

छपरांकडे बघताना एक आपली गोष्ट आठवते. टिळकांच्या सांगण्यावरून 'केसरी'तले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि वासुकाका जोशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपाळात आले होते ते कौलांचा कारखाना काढायला. आतला बेत बंदुकांचा होता. बेत तडीला गेला नाही, आणि खाडिलकर परत येऊन पुन्हा नाटकांकडे वळले. नेवारांची कौलं आपल्या मंगलोरी कौलांहून पुष्कळ लहान असतात, त्यांना झिंगटी म्हणतात. पावसानंतर त्यांच्यावर गवत उगवतं, ते दसऱ्या-दिवाळीपर्यंत हिरवं असतं.

गावात शिरताना तिकीट लागतं. भारतीयांना, सार्क देशांचे म्हणून, इतर परदेशी लोकांपेक्षा बरंच कमी. घेतानाच ओळखपत्र दाखवून मुदत वाढवून मागा, म्हणजे दोन्ही दिवस तेच चालतं. तिथे राहणाऱ्यांना ते जास्तीचे पैसे न घेता वाढवून देतात. आणि हॉटेल ठरवताना एकच प्रश्न विचारा: "गाडी थांबते तिथून दारापर्यंत किती पावलं?" जुन्या गावात गाडी आत येत नाही. विटांच्या फरशीवर चाकांची बॅग ओढताना ती आधी खडखडते आणि मग तुटते.

दुपारी मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ खायचंच. जुजु म्हणजे राजा, धौ म्हणजे दही. म्हशीचं दूध आटवून लावलेलं, घट्ट, किंचित गोड. आपल्या मिष्टी दह्याच्या कल्पना बाजूला ठेवून खा. सासूबाई नक्की विचारतील की विरजण कशाचं. दुकानदार हसेल, सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीनंतर काठमांडू शहर उरकून घ्या. स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत आणि त्यांवर माकडं. तुम्ही मागच्या बाजूने गाडीने वर जा, थोड्याच पायऱ्या उरतात. हनुमानढोक्याच्या, म्हणजे काठमांडूच्या दरबार चौकात कुमारीचं, जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या लहान मुलीचं, घर आहे. खिडकीत ती दिसली तर नमस्कार करा, कॅमेरा मात्र खाली. फोटो चालत नाही. ज्याच्यावरून शहराला नाव मिळालं असं म्हणतात तो काष्ठमंडप तिथेच, भूकंपात सपाट झाला होता, तो लाकडातच पुन्हा बांधलाय. संध्याकाळ बौद्धनाथच्या स्तूपाला. तिथे जमीन सपाट आहे, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून, आणि सासूबाईंसाठी भोवतालच्या गच्च्यांवर चहा.

तिसऱ्या दिवशी भक्तपूरची दुसरी सकाळ, मग जेवून चांगुनारायण. हे ठिकाण बहुतेक कार्यक्रमांत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. खोऱ्यातलं सगळ्यात जुन्या देवस्थानांपैकी एक. इथे इसवी सन ४६४ चा मानदेव राजाचा शिलालेख आहे. गरुडावर बसलेला विष्णू, त्रिविक्रम, विश्वरूप, नृसिंह, सगळे अंगणातच उभे, हाताच्या अंतरावर. सासऱ्यांना नेपाळी दहाची नोट काढून दाखवा, तिच्यावरचा गरुडनारायण इथलाच. वाहनतळापासून पायऱ्यांची गल्ली आहे, टेकत टेकत वीस मिनिटं धरा. तिथून नगरकोट जवळ.

नगरकोट सुमारे दोन हजार मीटरवर आहे. काठमांडू आणि आपलं महाबळेश्वर जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, म्हणजे विरळ हवेचा त्रास या आख्ख्या वाटेवर कुठेच नाही. फक्त पहाटे चांगलं थंड असतं, कानटोपी हवी. इथून पश्चिमेला गणेश हिमाल आणि लांगटांग, समोर दोर्जे लाक्पा, पूर्वेला ७,१३४ मीटरचा गौरीशंकर. एव्हरेस्टही दिसतं, असं जाहिरातीत असतं. दिसतं, पण क्षितिजावर टाचणीच्या टोकाएवढं, आणि कोणीतरी बोट धरून दाखवलं तरच. मी ते कधी आश्वासनात धरत नाही. एव्हरेस्टसाठीच जीव तुटत असेल तर काठमांडूहून सकाळी तासाभराची पर्वतदर्शनाची उड्डाणं असतात. महाग आहेत आणि ढग आले की रद्द होतात.

नगरकोटमध्ये हॉटेलच्या नावातला "व्ह्यू" कोणत्या दिशेला आहे ते आधी विचारा. एका वर्षी माझ्या गटाला मिळालेल्या "हिमालय दर्शन" खोल्यांच्या खिडक्या गाड्या लावायच्या भिंतीसमोर उघडत होत्या. तेव्हापासून बुकिंगच्या वेळी उत्तरेची किंवा पूर्वेची गच्ची आहे का, एवढंच विचारतो. गच्ची चांगली असेल तर शिखरं पाहायच्या मनोऱ्यापर्यंत जायचंही कारण नाही. तिथली लोखंडी शिडी गुडघ्यांसाठी नव्हेच.

नेपाळी लोक हिमाल हा शब्द फक्त बर्फाच्या डोंगरासाठी ठेवतात. आपण ज्याला डोंगर म्हणू तो त्यांचा पहाड किंवा डाँडा. कळसूबाई त्यांच्या हिशेबात डाँडाच. ढग बाजूला झाले की "मौसम खुल्यो" म्हणतात. पहाटे हॉटेलच्या पोऱ्याने हे म्हणत दार वाजवलं की पांघरुणासकट बाहेर पळायचं. चहा, दात, केस, सगळं नंतर.

नगरकोटला ढग लागले तर? अठरा वर्षांत मला कित्येकदा लागलेत. म्हणूनच पोखऱ्याच्या दोन सकाळी मागे राखून ठेवल्यात. चौथ्या दिवशी नगरकोटहून सरळ विमानतळावर उतरा, दुपारपर्यंत पोखरा.

पोखऱ्यात शिखरं नगरकोटसारखी दूर रांगेत बसलेली नसतात, अंगावर येतात. शहर जेमतेम ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून थोडंच उंच, आणि उत्तरेला तीसेक किलोमीटरच्या आत माछापुच्छ्रे ६,९९३ मीटरवर. मध्ये आडवी येणारी दुसरी मोठी रांग नाही. इतक्या कमी अंतरात एवढी उंची रस्त्यावर उभं राहून जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. पहिली सकाळ सारंगकोटला. कळसूबाईपेक्षा थोडीच कमी उंची, गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. तळ्याकाठच्या बाजूने आता केबल कारही आहे, ती दिवसा परतताना मजेची; पहाटेसाठी गाडीच ठरवा. वर प्रत्येक घराच्या गच्चीवर खुर्च्या टाकलेल्या असतात. थोडे पैसे आणि चहा घेऊन एखाद्या घरच्या गच्चीवर बसा, मनोऱ्यावरच्या गर्दीत सासूबाईंना उभं करू नका.

उजेड कसा पडतो ते बघा. सूर्य दिसायच्या बराच आधी डाव्या हाताला, लांब, धौलागिरीचं टोक गुलाबी होतं. ८,१६७ मीटर उंची आहे, त्याला सूर्य आधी भेटतो. मग अन्नपूर्णा दक्षिण, मग माछापुच्छ्रे. गंमत अशी की सगळे ज्याचा फोटो काढतात तो माछापुच्छ्रे इथला सगळ्यात उंच नाही, तो फक्त पुढे आहे. अन्नपूर्णा पहिली, ८,०९१ मीटर, मागे दबून बसलेली असते आणि ठेंगणी वाटते. १९५० मध्ये माणूस जिच्यावर चढला ती आठ हजार मीटरवरची पहिली चोटी हीच. आणि माछापुच्छ्रेच्या नावातली माशाची शेपटी? पोखऱ्यातून तो एकच सुळका दिसतो. शेपटीची दोन टोकं दिसायला घान्द्रुककडे जावं लागतं. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी त्याच्या माथ्याच्या अगदी जवळून परत फिरली, आणि पुढे सरकारने तो चढाईला बंदच केला. पवित्र मानतात, तसाच ठेवलाय.

दुसरी सकाळ फेवा तळ्यावर. वारा सुटायच्या आत नाव काढा, तरच पाण्यात प्रतिबिंब मिळतं. आठनंतर पाणी सुरकुततं. बेटावर तालबाराही देवीचं देऊळ आहे. आदल्या दुपारसाठी डेव्हिस फॉल आणि समोरची गुप्तेश्वर गुहा सांगतील. गुहेतल्या पायऱ्या ओल्या असतात, सासूबाईंना वर ज्यूस प्यायला बसवा. शांती स्तूपालाही गाडीतळानंतर बऱ्याच पायऱ्या आहेत. त्याऐवजी मी पर्वत संग्रहालयात नेतो, सपाट आहे आणि मुलीला आवडेल.

इथे सासरे मुक्तिनाथचा, वर हिमालयातल्या विष्णुतीर्थाचा, विषय काढतील, लिहून ठेवा. पोखऱ्यापर्यंत आलोच आहोत तर... नको. ते ३,७०० मीटरच्या वर आहे, तिथे जायचं जोमसोमचं विमान वाऱ्यावर अवलंबून असतं, आणि सत्तरीच्या माणसाला पोखऱ्याहून एकदम तिथे नेणं धोक्याचं. त्यासाठी वेगळे पाच-सहा दिवस काढून, डॉक्टरांना विचारून या.

सहाव्या दिवशी दुपारपर्यंत काठमांडूत परत. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोखऱ्यात कधीच राहू नका. धुकं पडलं की पोखरा-काठमांडू उड्डाणं तासन्‌तास लांबतात आणि मुंबईचं विमान कोणासाठी थांबत नाही. ही संध्याकाळ पाटणला. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं कृष्णमंदिर आख्खं दगडी आहे आणि आपल्याकडच्या शिखरांसारखं. पट्ट्यांवर महाभारत आणि रामायण कोरलंय, खाली नेवारी ओळी. वेळ असेल तर राजवाड्यातलं संग्रहालय, माझ्या मते या खोऱ्यातलं सगळ्यात नीट मांडलेलं. शेवटची सकाळ पशुपतिनाथाला. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर. आत गेल्यावर पुजाऱ्यांची भाषा वेगळी वाटली तर नवल नको, भट्ट पुजारी परंपरेने दक्षिण भारतातून येतात. मागे बागमतीच्या आर्यघाटावर चिता जळत असतात. मुलीला आधी सांगून ठेवा, आणि फोन खिशातच राहू द्या.

दिवाळीबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमच्या तारखा नेमक्या त्यात आहेत. तिथे तिला तिहार म्हणतात. पहिल्या दिवशी कावळ्याला घास, आणि आपल्या नरकचतुर्दशीला कुकुर तिहार: गल्लीतल्या भटक्या कुत्र्यापासून पोलिसांच्या श्वानापर्यंत सगळ्यांच्या कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारोदार भैलो गाणाऱ्या मुली येतात. पाडव्याला नेवारांचं नवं वर्ष, नेपाळ संवताचं, आणि घरात म्ह पूजा, म्हणजे स्वतःच्याच देहाची पूजा. प्रत्येकासाठी जमिनीवर एकेक मंडल काढतात. भक्तपूरला घरगुती ठिकाणी उतरलात तर कदाचित तुम्हालाही बसवतील. भाऊबिजेला सात रंगांचा टिळा आणि न कोमेजणारी मखमली फुलांची माळ; त्या दिवशी मात्र दुकानं बंद, चालक सुट्टीवर आणि विमानं भरलेली. म्हणून देशांतर्गत तिकिटं आत्ताच काढा. भारतीयांसाठी भाडं वेगळं असतं, तेच लावलंय ना ते तपासा.

कागदपत्रं: पाचही जणांचे पासपोर्ट असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर प्रौढांना मतदार ओळखपत्र चालतं. आधार विमानाने जाताना फक्त पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं, म्हणजे तुमच्या घरात तिघांना. तुम्हा दोघांना नाही. विमानतळावरून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. पैसे: आपल्या रुपयाला त्यांचे १.६०, हा दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा सर्रास चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा. बऱ्याच दुकानांत आता यूपीआय चालतं, पण सगळीकडे नाही. भाव ऐकला की आधी विचारा, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. एक शाल एनसी समजून घेतली आणि आयसी मोजले, असं दर सहलीत एकदा तरी होतं.

शाकाहारी असाल तर मोमो मागवताना "बफ" शब्दावर लक्ष ठेवा, ते म्हशीचं मांस. पाट्या देवनागरीत असल्याने वाचता सगळं येतं, अर्थ मात्र फसवतो: पसल म्हणजे दुकान, मिठो म्हणजे चविष्ट, चिसो म्हणजे थंड. सासूबाईंना दोनच शब्द शिकवा: उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार. "उकालो छ?" असं विचारलं की समोरचा खरं उत्तर देतो. तरी "अलिकति", म्हणजे थोडासाच, असं म्हणाला तर मात्र गाडीच मागवा.